३ डिसेंबर : एक तारीख, तीन स्मरणे

३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण. १५५२ साली ह्याच दिवशी, चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच, सांचियन बेटावर वयाच्या ४६व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकात आहेत.

१९६७ साली ह्याच तारखेला केप टाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. अपघातग्रस्त कन्येचे हृदय देण्यास एका पित्याने संमती दिली, म्हणूनच ते शक्य झाले. रुग्ण १८ दिवस जगला.

१९८४ साली २ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळमध्ये विषारी वायूची गळती सुरू झाली. ३ तारखेच्या पहाटेपर्यंत शहरात मृतदेहांचा खच पडला. वाचलेल्यांपैकी अनेकांना आयुष्यभराची व्याधी जडली.

सणाच्या मिस्साबलिदानात त्यांचेही स्मरण व्हावे.