लिहिलेला स्वर आणि ऐकूं येणारा स्वर

पाश्चात्य स्वरलिपीचा एकच कागद पुढें ठेवून पेटीवाला व क्लॅरिनेटवाला दोघांनीं तो बिनचूक वाजविला, तरी कानांवर कर्कश विसंवादच पडतो. क्लॅरिनेट नुकताच शिकूं लागलेल्या मुलाला अशा वेळीं घरांत बोल बसतो. त्याला कान नाहीं, असेंही ठरून जातें. वस्तुतः मुलगा व वाद्य दोन्ही निर्दोष असतात.

हें कोडें उलगडण्यास सप्तकाची मोजणी पुरेशी आहे. पेटीच्या एका सप्तकांत ७ पांढऱ्या व ५ काळ्या मिळून १२ पट्ट्या असतात आणि लगतच्या दोन पट्ट्यांत अर्ध्या स्वराचें अंतर असतें. पाश्चात्यांचा ‘सी’ म्हणजे पांढरी एक. ‘बी फ्लॅट’ म्हणजे काळी पांच. नेहमींच्या क्लॅरिनेटला ‘बी फ्लॅट क्लॅरिनेट’ म्हणतात, याचा अर्थ इतकाच कीं, वादकानें कागदावरील ‘सी’ वाजविला असतां २ अर्धस्वर खालची काळी पांच ऐकूं येते. त्याच न्यायानें ‘ई फ्लॅट’ आल्टो सॅक्सोफोनवर लेखी ‘सी’चा स्वर ९ अर्धस्वर खालीं, काळी दोनवर, उतरतो, ‘एफ’ हॉर्नवर तो ७ अर्धस्वर खालीं, पांढरी चारवर, येतो. पाश्चात्य बासरी व ओबो मात्र लिहिलें तेंच बोलतात.

उपाय सोपा आहे. क्लॅरिनेटसाठीं सबंध कागद २ अर्धस्वर चढवून लिहावा. पेटीवर पांढरी एक असेल तेथें ‘डी’ लिहावा, काळी एक असेल तेथें ‘ई फ्लॅट’. प्रत्येक स्वर सारखाच चढविला पाहिजे. एक जरी सुटला तरी चाल मोडते.

मग ही उठाठेव कशासाठीं? वादकाच्या बोटांसाठीं. ॲडॉल्फ साक्स यानें १८४६ सालीं पॅरिस येथें सॅक्सोफोनचें पेटंट घेतलें, तें लहानमोठ्या वाद्यांच्या सबंध कुटुंबाचें होतें. त्यांतील आल्टो खालीं ठेवून टेनर हातीं घेतला, तरी त्याच लेखी स्वरास तींच बोटें पडतात. स्वरांचा हिशेब लिहिणाऱ्यानें एकदां करावयाचा. वादकानें ऐन वादनांत नव्हे.

आपल्याकडील श्रोत्यास यांत फारसें नवल वाटूं नये. गायिकेनें काळी चारला षड्ज धरला काय किंवा गायकानें काळी एकला धरला काय, ‘सा’ हा ‘सा’च राहतो, बदलते ती पट्टी. भेद एवढाच कीं, गवई आपली पट्टी गळ्याच्या सोयीनें निवडतो, तर सुषिर वाद्याची पट्टी त्याच्या नळीच्या लांबीनें कायमची ठरलेली असते. म्हणून वाद्य कोणत्या स्वराचें आहे, हें प्रथम विचारावें. मुलाच्या कानाची परीक्षा त्यानंतर घ्यावी.