‘ॲव्हरेज किती देते?’ आणि इतर अर्धवट प्रश्न

सोलापुरात नवी गाडी काढायची ठरली की घरात आधी रंगावरून चर्चा होते आणि घराबाहेर ॲव्हरेजवरून. गल्लीतला, ऑफिसातला, सोयऱ्यांतला असेल तो गाडीवाला गाठला जातो. एक सांगतो बावीस, दुसरा सांगतो चौदा. मॉडेल तेच, इंजिन तेच, आणि दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नसतं. पहिल्याची मुलगी पुण्यात शिकते, त्यामुळे त्याची गाडी महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये धावते. दुसऱ्याची गाडी नवी पेठ, सात रस्ता आणि मुलांची शाळा एवढ्यातच फिरते. मालकाचा अनुभव गाडीइतकाच त्याच्या रनिंगचा असतो. तो जरूर विचारावा, पण ‘किती देते’ याच्या आधी ‘कुठे चालवता, महिन्याला किती चालवता’ हे विचारावं. लहान गाड्यांबद्दलचे बरेच गैरसमज हा दुसरा प्रश्न राहून गेल्यामुळे तयार झालेले आहेत.

‘कंपनी मायलेजचा आकडा फुगवून सांगते,’ ही सर्वांत जुनी तक्रार. जाहिरातीतला आकडा सहसा कंपनीच्या मनचा नसतो. तो पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय किंवा तिच्यासारखी दुसरी मान्यताप्राप्त संस्था प्रमाणित करते. पण चाचणी कशी होते ते पाहिलं की फरकाचं कोडं सुटतं. गाडी रस्त्यावर जातच नाही, रोलरवर चढवून जागच्या जागी चालवली जाते. ठरावीक चढउतारांचं हे चक्र १,१८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही थोडं कमी. वेग कधीच ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना जुन्या पुणे नाक्यावर सिग्नलला एसी लावून थांबलेल्या गाडीशी या आकड्याची सोयरीक जुळणार कशी? एका मॉडेलची दुसऱ्याशी तुलना करायला तो उपयोगी आहे, महिन्याचा पेट्रोलखर्च मांडायला नाही. खरा आकडा हवा असेल तर नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, पुढच्या खेपेला पुन्हा तसंच भरावं आणि भागाकार करावा. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज हा गाडीच्या संगणकाचा अंदाज असतो, आणि तो बहुधा थोडा उदार असतो.

याच चर्चेत हल्ली इथेनॉलचा विषय निघतोच. आपल्या जिल्ह्यात तर हा घरचा विषय. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात पुढे आहे आणि ज्या उसावर इथलं राजकारण चालतं त्याच्याच मळीतून निघालेलं इथेनॉल आता टाकीत येतं. ‘ई२० पेट्रोलने नवी गाडी खराब होते’ असं ऐकू येतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत इंधनाच्या संपर्कात येणारे रबरी आणि धातूचे भाग या मिश्रणाला टिकतील असेच घातले जातात, त्यामुळे आज शोरूममधून गाडी घेणाऱ्याने इंजिन कुजण्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. ‘काहीच फरक पडत नाही’ हा सरकारी सूर मात्र पुरता खरा नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज दिलेला आहे: ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज ई२० मुळे ६ ते ७ टक्के घटेल आणि ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के. म्हणून शेजाऱ्याच्या २०१७ च्या गाडीचं रडगाणं तुमच्या नव्या गाडीला लागू होत नाही, आणि त्याचं रडगाणं खोटंही नाही.

‘सीएनजी घेतली की पैसे वाचतातच.’ इथे वही-पेन घेऊन बसायला हवं. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो आहे. लहान गाडी पेट्रोलवर लिटरला १६ आणि गॅसवर किलोला २४ किलोमीटर जाते असं धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये पडतो, गॅसचा पावणेचारच्या जरा वर. वाचले पावणेतीन रुपये. त्याच मॉडेलच्या सीएनजी आवृत्तीला समजा ९५ हजार जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला ३५ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी जवळजवळ पाच वर्षं लागतील. रोज मोहोळ किंवा अक्कलकोटला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्याची, महिन्याला दीड हजार किलोमीटर होणारी गाडी दोन वर्षांत पैसे फेडेल. दर बदलले की आकडे बदलतील, रीत तीच राहील. शिवाय डिकीतली जागा जाते (दोन छोट्या टाक्या तळाशी बसवून काही कंपन्यांनी यावर तोडगा काढला आहे), चढाला जोर थोडा कमी पडतो, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. पंपावरची रांग कुठल्याच हिशेबात धरता येत नाही, पण ती असते. बाहेरून किट बसवलं तर आरसी बुकावर त्याची नोंद करून घेणं सक्तीचं आहे. ते राहिलं की विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

डिझेलचं जुनं समीकरण तर मोडूनच पडलं आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. ज्या कंपन्यांनी चालू ठेवल्या त्यांच्या धुराड्याच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर आला. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. रोज चार-पाच किलोमीटर गावातच फिरणाऱ्या डिझेल गाडीचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गॅरेजची वारी सुरू होते. त्यात महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे, डिझेलला १३ टक्के.

आता पत्र्याकडे वळू. शोरूममध्ये बोनेटवर बोटाने टकटक करून ‘पत्रा पातळ आहे’ असा निकाल देणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. पण बाहेरचा पत्रा कुठल्याही साध्या गाडीत एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि अपघातात माणसाला वाचवण्याचं काम त्याचं नसतंच. ते काम दारांमधले खांब, छताच्या कडा आणि तळाच्या पट्ट्या करतात, आणि त्यातलं उच्च ताकदीचं पोलाद टकटक करून कळत नाही. धडकेत पुढचा भाग चुरगळला की लोक म्हणतात, गाडी काडेपेटीची होती. तो भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. धक्का त्याने गिळायचा आणि बसायची जागा शाबूत ठेवायची, असा हा बेत आहे.

‘लहान गाडी म्हणजे असुरक्षित’ हाही अर्धाच खरा समज. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी भारतातली पहिली गाडी ठरली टाटा नेक्सॉन, डिसेंबर २०१८ मध्ये, आणि ती चार मीटरच्या आतलीच आहे. २०२१ मध्ये पंचला पाच तारे मिळाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये डिझायरला. उलट २०२३ मध्ये वॅगन आरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही चालू आहे. म्हणून लांबी बघण्यापेक्षा निकाल बघावा, आणि तो नेमका कोणत्या वर्षीच्या मॉडेलचा आहे तेही बघावं. ताऱ्यांनाही मर्यादा आहे. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला, गाडीच्या निम्म्याहून कमी रुंदीवर दिली जाते आणि ती साधारण तिच्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. गळीत हंगामात टेंभुर्णीच्या पुढे अंधारात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाने लादलेली ट्रॉली अचानक समोर येते. तिथे शंभरच्या वेगाला कुठलेच तारे पुरे पडत नाहीत. इथल्या माणसाने गाडी घेताना सनरूफआधी हेडलाइटचा उजेड आणि ब्रेक तपासावेत, तेही शक्य असेल तर रात्रीच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री गाडी द्यायला शोरूमवाले कुरकुर करतात. करू द्यावी.

मागच्या सीटवरच्या पट्ट्याचं काय? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅगांनी भरलेली. मागे बसलेले दोघे दगावले, त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असं तपासात पुढे आलं. पुढचे दोघे वाचले. ‘मागे कशाला पट्टा’ म्हणत आपण नव्या सीटकव्हरखाली बकलं गाडून टाकतो आणि त्याच गाडीने तुळजापूरला जातो. पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची हौसही तशीच. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्याविरुद्ध राज्यांना कारवाई करायला सांगितलं. हा गार्ड धक्का थेट सांगाड्यापर्यंत नेतो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेत घोळ घालतो आणि समोरच्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो.

पैशांच्या बाबतीतला ताजा गैरसमज असा, की चार मीटरच्या आतली प्रत्येक गाडी १८ टक्के जीएसटीत येते. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांत लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत हवीच, शिवाय इंजिन पेट्रोल, सीएनजीला १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेलला १,५०० सीसीपर्यंत हवं. एक अट मोडली की ४० टक्के. दोन अटींची ही जोडी २००६ च्या अर्थसंकल्पापासूनची आहे. पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटरची होती, २०१२ मध्ये ती ३,९९५ वर आली आणि मागची डिकी चेपली, ती या करापायी. फोर्डची इकोस्पोर्ट लांबीने बसायची, पण तिच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाच्या आवृत्तीची सवलत हुकायची.

रस्ता कराला दहा लाखांची पायरी आहे. एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार असेल तर पेट्रोल गाडीला ११ टक्के, १० लाख ५ हजार झाली की पूर्ण रकमेवर १२ टक्के. किंमत दहा हजारांनी वाढली, तर कर अकरा हजारांनी. वरचं मॉडेल घेताना हे कोणी सांगत नाही. दहा लाखांच्या वर डीलर आणखी १ टक्का टीसीएस घेतो, तो मात्र बुडीत खर्च नव्हे. आयकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

सीमेवरचं शहर असल्याने ‘विजापूरच्या पाहुण्याच्या नावावर घेऊ, स्वस्त पडेल’ हाही सल्ला कानावर येतो. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला आजीव कर १४ टक्के आणि वर उपकर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की एमएच-१३ चा नंबर घेणं आणि इथला कर भरणं कायद्याने भाग आहे. तिकडच्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे घालायचे ते वेगळेच.

‘विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो’ हे साफ चूक. कोणत्याही कंपनीचा, कुठूनही घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा सक्तीचा आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. कॅशलेस दुरुस्ती विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीवर ठरते, पॉलिसी कोणी विकली त्यावर नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की शोरूमचा आकडा बऱ्याचदा खाली येतो. झिरो डेप जरूर घ्यावा, कारण तो नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी रक्कम कापली जाते, आणि आजच्या बंपरपासून आरशापर्यंत सगळं प्लॅस्टिकच आहे. ऑन-रोड किमतीत ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर ते सरकारी शुल्क नाही हे लक्षात ठेवून घासाघीस करावी.

हप्ता लहान म्हणजे गाडी स्वस्त, असं तर कोणी उघड म्हणत नाही, पण वागतात तसंच. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,६०० च्या आसपास आणि व्याज एक लाख ९६ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १२,९०० च्या आत येतो, व्याज होतं दोन लाख ८१ हजार.

सकाळी पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून गरम करणं कार्बुरेटरच्या काळातलं आहे. इंधन इंजेक्शनच्या गाडीला सोलापूरच्या हवेत त्याची गरज नाही, सुरू करून सावकाश निघावं. पहिले हजार किलोमीटर मात्र जपायचे असतात, आणि जपणं म्हणजे चाळीसने रेंगाळणं नव्हे. एकाच वेगाने तासन्‌तास पळवायची नाही आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबायचा नाही, एवढंच.

डिसेंबरच्या सवलतीबद्दल विचाराल तर उत्तर पुन्हा तुमच्या वापरावर आहे. तीन-चार वर्षांत गाडी विकणाऱ्याला उत्पादनाचं वर्ष महागात पडतं, दहा वर्षं वापरणाऱ्याने सवलत बिनधास्त घ्यावी. गाडी कधी बनली ते विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा फॉर्म २१ वर वाचावं, त्या विक्री प्रमाणपत्रात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाडव्याच्या मुहूर्तावर हारफुलं, पेढे आणि फोटोंच्या गर्दीत हे पाहणं होत नाही, म्हणून नोंदणी होण्याआधीच एकदा दिवसाउजेडी जाऊन गाडी पाहून यावी. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळत नाही.