दर्शनी दालनामागचा कारकून

कोल्हापुरात मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीत, जिथे एकाच भिंतीला दोन बिऱ्हाडे टेकलेली असतात, तिथे सायंकाळी वायफाय मंदावले की आपण कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. परंतु पुष्कळदा दोष असतो तो शेजारच्या चार राउटरांनी एकाच चॅनेलवर मांडलेल्या गलबल्याचा.

हा चॅनेल बदलता येतो, तोही राउटरकडे अर्ज करून. १९९४ साली खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी, बहुधा १९२.१६८.१.१ असा, एक पत्ता राउटरला असतो; तो ब्राउझरमध्ये लिहिताच उघडणारे पान हे वस्तुतः दर्शनी दालन होय, आणि पुष्कळ राउटरांत त्यामागे एपीआय नामक कारकून बसलेला असतो, जो ठराविक मसुद्यातला अर्ज आल्यावाचून कसलीही तजवीज करीत नाही. या अर्जांपैकी 'गेट' म्हणजे दप्तर पाहण्याची विनंती, 'पोस्ट' म्हणजे बहुधा फेरफाराचा हुकूम. मात्र तत्पूर्वी संकेतशब्द देऊन टोकन नावाचा तात्पुरता परवाना मिळवावा लागतो. सारा व्यवहार घरातल्या घरात असल्याने बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही तो चालतो.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर कुरघोडी न करणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल घेण्याचा हुकूम बजावताच वायफाय क्षणभर तुटते, घाबरू नये. आणि राउटरच्या तळाशी छापलेला मूळ संकेतशब्द अद्याप तसाच असेल, तर तो आजच बदलावा.