पायरीवरचा चोखोबा

लिंबागणेशला भालचंद्राच्या देवळात जुनी मंडळी बसतात. बँकेतून निवृत्त झालेला, त्यात कादंबऱ्या लिहिणारा, म्हणून मलाही तिथे जागा मिळते. परवा एका गृहस्थांनी गीतेचा चौथा अध्याय काढला. वर्ण गुणकर्मावरून ठरतो, जन्मावरून नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन. कोपऱ्यातल्या वृद्ध माळकऱ्याने शांतपणे विचारले, "मग चोखोबाचं कोणतं कर्म उणं होतं?"

गृहस्थ गप्प झाले. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. अभंग त्यांचे गायचे आणि जातभाईंना मात्र दारातून परतवायचे, हा व्यवहार सहाशे वर्षे चालला. ताळेबंदात इतका जुना फरक कोणत्याही तपासनिसाने खपवून घेतला नसता!

दार उघडले ते श्लोकाच्या नव्या अर्थाने नव्हे. साने गुरुजी गावोगाव हिंडले, १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा त्याच महिन्यात बडव्यांनी संमती दिली. बाबासाहेब तोवर देवळांच्या दारावरून पुढे निघून गेले होते; नाशिकच्या काळाराम सत्याग्रहानंतर, १९३५ मध्ये, येवल्यात त्यांनी धर्मत्यागाची घोषणा केली होती. मात्र १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला.