लाल गाडीच्या टपावरचं टेंगूळ

दोस्तांनो, मोठा सामना जिंकला की खेळाडू बाटली खळखळ हलवतात आणि फेसाचे फवारे एकमेकांवर उडवतात, हे तुम्ही टीव्हीवर कितीतरी वेळा पाहिलं असेल. मोटारींच्या शर्यतीत तर ते ठरलेलंच. पण ही रंगपंचमी सुरू कुणी केली, ठाऊक आहे? फ्रान्समध्ये पाहुणा म्हणून आलेल्या एका उंचच उंच अमेरिकन ड्रायव्हरनं. त्याचं नाव डॅन गर्नी. दिवस होता ११ जून १९६७, आणि गाव ल मां.

फ्रान्समधल्या या ल मां गावी दरवर्षी एक अचाट शर्यत होते. चोवीस तासांची! दुपारी चारला सुरू झालेली शर्यत दुसऱ्या दिवशी दुपारी चारला संपायची. त्या काळी गाडी दोघांनी आळीपाळीनं चालवायची. एरवी ज्या रस्त्यांवरून गावकऱ्यांच्या गाड्या जातात, त्यातलेच बरेचसे रस्ते शर्यतीसाठी बंद करायचे. एक फेरी साधारण साडेतेरा किलोमीटरची. त्यात जवळजवळ सहा किलोमीटरचा एक सरळसोट पट्टा, आणि त्याच्या टोकाला एकदम काटकोनात उजवीकडे वळण. हा पट्टा लक्षात ठेवा हं, पुढे त्याचं काम आहे.

अमेरिकेच्या फोर्ड कंपनीला ही शर्यत फार लागली होती. १९६३ साली फोर्डनं इटलीची फेरारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. बोलणी पार शेवटपर्यंत आली आणि एन्झो फेरारींनी नकार दिला. झालं! फोर्डनं मनावर घेतलं, फेरारीला ल मांमध्येच हरवायचं. १९६४ आणि १९६५ साली फोर्डनं सपाटून मार खाल्ला. १९६६ साली मात्र पहिले तिन्ही क्रमांक फोर्डचे आले. १९६७ साली फेरारी चिडून, नव्या गाड्या घेऊन परत आली.

फोर्डची नवी गाडी होती मार्क फोर. सात लिटरचं प्रचंड इंजिन, आणि उंची इतकी कमी की मोठ्या माणसाच्या जेमतेम कमरेला लागेल. आता आली का पंचाईत? गर्नी होता सव्वासहा फुटांच्या आसपास. हेल्मेट घालून बसला की डोकं टपाला धडके. मग मेकॅनिक मंडळींनी काय करावं? सरळ टप कापला आणि तिथे वाटी उपडी घातल्यासारखा फुगवटा बसवला. डोक्यावर टेंगूळ आलेली ही लाल गाडी, क्रमांक एक, जगभर प्रसिद्ध झाली.

गर्नीचा जोडीदार होता टेक्सासचा ए. जे. फॉइट. हा तर इथे अगदीच नवखा. दहाच दिवसांपूर्वी, ३१ मे रोजी, त्यानं अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली होती आणि तसाच तो फ्रान्सला आला होता. सराव किती? नावापुरता. पत्रकारांनी भाकीत करून टाकलं, हे दोघेही एकापेक्षा एक वरचढ. तुझ्यापेक्षा मी जोरात, असं करत एकमेकांवर कुरघोडी करतील आणि गाडी मोडून ठेवतील.

गर्नीनं ते ऐकलं होतं. शर्यतीआधी त्यानं फॉइटला बाजूला घेतलं आणि बेत समजावला. बेत असा, की जोर लावायचाच नाही!

आता तुम्ही म्हणाल, शर्यत आणि जोर लावायचा नाही? तर तो सहा किलोमीटरचा पट्टा आठवा. तिथे मार्क फोरचा वेग ताशी ३४० किलोमीटरपर्यंत जाई आणि वळणावर तो साठाच्या आसपास आणावा लागे. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचलंच असेल, की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३४० च्या वेगात साठाच्या वेगापेक्षा सुमारे बत्तीस पट ऊर्जा! ती जाणार कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता बनून. टनाहून जड गाडी, दर साडेतीन-चार मिनिटांनी हाच प्रकार, आणि तोही दिवस-रात्र. ब्रेकच्या तबकड्या लालबुंद व्हायच्या, त्यांना तडे जायचे. मग गर्नी काय करायचा? वळण बरंच लांब असतानाच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. समोरची हवाच गाडीला मागे रेटायची, वेग उतरायचा, आणि मग कुठे तो ब्रेकला पाय लावायचा. दर फेरीला थोडा वेळ जायचा, पण ब्रेक वाचायचे. फॉइटनंही हे शहाणपण मानलं. मला विचाराल तर शर्यत इथेच अर्धी जिंकली गेली.

रात्र मात्र वाईट गेली. पहाटे साडेतीनच्या सुमारास फोर्डच्याच मारिओ आंद्रेत्तीची गाडी ब्रेक लावताच गरकन फिरली आणि कडेला आदळली. मागून आलेल्या रॉजर मक्लस्कीला वाटलं, आंद्रेत्ती अजून आतच आहे. त्याला वाचवायला म्हणून त्यानं आपली गाडी मुद्दाम भिंतीवर घातली. त्याच जागी फोर्डची तिसरी गाडीही मोडली. आंद्रेत्तीच्या बरगड्यांना मार बसला, पण जीव वाचला. एका क्षणात तीन गाड्या गेल्या! आता टेंगूळवाल्या लाल गाडीवर सगळी भिस्त.

आणि नेमका याच रात्री फेरारीचा माइक पार्क्स गर्नीच्या मागे लागला. तो काही फेऱ्या मागे होता. त्याला एकच आशा, गर्नीला चिडवायचं, वेगात ओढायचं आणि त्याची गाडी मोडायला लावायची. त्यानं मागून दिव्यांची उघडझाप सुरू केली. एक वळण, दुसरं वळण, आरशात सारखा लखलखाट. तुमच्या सायकलमागे कुणी सारखी घंटी वाजवत राहिलं तर तुम्ही काय कराल? पायडल जोरात माराल ना?

गर्नीनं आर्नाज नावाच्या वळणापाशी गाडी बाजूला घेतली आणि चक्क गवतावर थांबवली. पार्क्सही मागे येऊन थांबला! मध्यरात्र उलटलेली, जगातली सगळ्यात मोठी शर्यत चाललेली, आणि दोन गाड्या अंधारात मुकाट उभ्या. शेवटी पार्क्सच कंटाळला आणि निघून गेला. मग गर्नी निघाला, आणि काही फेऱ्यांनी त्यानं पार्क्सला शांतपणे मागे टाकलं. पुढे म्हातारपणीही गर्नी ही आठवण सांगायचा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लाल गाडीच्या ३८८ फेऱ्या झाल्या होत्या. म्हणजे सुमारे ५,२३३ किलोमीटर! मुंबईहून दिल्लीला जाऊन परत या, आणि जवळजवळ तेवढंच पुन्हा एकदा फिरा. सरासरी वेग ताशी २१८ किलोमीटर. दुसरी आलेली पार्क्सची फेरारी चार फेऱ्या मागे. अमेरिकन गाडी, अमेरिकन संघ आणि दोन्ही अमेरिकन ड्रायव्हर, असा विजय ल मांनं तोवर पाहिला नव्हता.

विजयमंचावर गर्नीच्या हातात शँपेनची, म्हणजे फ्रान्समधल्या फेसाळत्या दारूची, मोठी बाटली आली. ती पितात, हा रिवाज. पण गर्नीनं खाली पाहिलं तर समोर कंपनीचे मालक हेन्री फोर्ड दुसरे, संघाचे प्रमुख कॅरोल शेल्बी, आणि गाडी मोडणार म्हणून लिहिणारी ती पत्रकार मंडळी! त्यानं बाटलीच्या तोंडावर अंगठा धरला, ती खळखळ हलवली आणि सगळ्यांना नखशिखान्त भिजवलं. मालकही सुटले नाहीत. आदल्या वर्षीच्या ल मांमध्ये एका बाटलीचं बूच आपोआप उडून असाच फवारा झाला होता म्हणतात, पण तो अपघात होता. हा शुद्ध खोडकरपणा!

लगेच पुढच्या रविवारी, १८ जूनला, गर्नीनं बेल्जियमची ग्रां प्री जिंकली, आणि तीही स्वतःच्या कंपनीनं बनवलेल्या ईगल गाडीतून. २०१८ साली, ८६ व्या वर्षी तो वारला. ती लाल गाडी अमेरिकेत डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, टपावरच्या टेंगळासकट. आणि ती बाटली? त्या दिवशी गर्नीनं तिच्यावर सही करून ती 'लाइफ' मासिकाच्या एका छायाचित्रकाराला देऊन टाकली. त्यानं तिचा टेबलावरचा दिवा केला, वर्षानुवर्षं वापरला, आणि पुढे एक दिवस गर्नीला परत नेऊन दिला.