प्लेटलेटच्या वरची ओळ

शेजारचे दोघे भाऊ एकाच आठवड्यात डेंग्यूच्या तापाने पडले. घर एक, गच्चीवरचं पिंप एक. अकरा वर्षांचा धाकटा, काटकुळा, चार दिवसांत उठून पुन्हा क्रिकेट खेळायला गेला. रोज व्यायामशाळेत जाणारा थोरला पाचव्या दिवशी अतिदक्षता विभागात. प्लेटलेट 18 हजार. त्यांची आई जिन्यात भेटेल त्याला विचारायची, "ह्यालाच का हो? हा तर धडधाकट."

तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून मी थोरल्याचं रक्त तपासणाऱ्या ताईंना गाठलं आणि सप्टेंबरच्या एका सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. ताई बदलापूरच्या. सातला निघून बदलापूर, अंबरनाथ करत घरोघरी रक्त घेतात आणि दहापर्यंत उल्हासनगरच्या लॅबमध्ये पोचतात. वालधुनीच्या पुलावर नाल्याचा उग्र दर्प नाकात घुसतो आणि पुढच्या घरात स्पिरिटचा कापूस उघडेपर्यंत जात नाही. प्रत्येक दारात निळी पिंपं. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून भरून ठेवलेली. ती भरू नका असं त्या बायांना कुठल्या तोंडाने सांगायचं? झाकण घट्ट बसवा, आठवड्यातून एकदा घासा, एवढंच ताई सांगतात. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या पिंपाच्या कडेलाही कित्येक महिने तग धरतात.

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं. ताई नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करतात. रक्तात गुठळी झाली, तर मशीन प्लेटलेट खोट्या कमी दाखवतं.

"थोरल्याचा आकडा आला तेव्हा मी आधी मशीनवर विश्वासच ठेवला नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी काचपट्टीवर थेंब पसरला, लेशमनचा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एका वर्तुळात एक प्लेटलेट दिसली, तर साधारण पंधरा ते वीस हजार धरायच्या. "वर्तुळामागून वर्तुळ सरकवत होते. एक. एक. एक." 18 हजार खरे होते.

मग त्यांनी दुसरा कागद दाखवला. ताप नुकता सुरू झालेला असूनही थोरल्याच्या रक्तात डेंग्यूविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं भरपूर होती. म्हणजे जुनी ओळख. आईला विचारलं तेव्हा आठवलं, सहा वर्षांपूर्वी त्याला असाच ताप आला होता. 'व्हायरल' म्हणून तो विसरलाही गेला.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्याच्यापुरतं संरक्षण बहुधा जन्मभर मिळतं. काही वर्षांनी दुसरा प्रकार आला, तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण मारू शकत नाहीत. उलट ज्या पांढऱ्या पेशींत तो वाढतो, त्यांच्याच दारात त्याला नेऊन पोचवतात. संशोधक स्कॉट हॅल्स्टेड यांनी 1960च्या दशकात बँकॉकच्या आजारी मुलांवरून हा धागा पकडला. क्यूबात 1977मध्ये पहिला प्रकार पसरला, 1981मध्ये दुसरा आला आणि 158 माणसं गेली. 1997मध्ये तिथल्याच सांतियागो शहरात दुसरा प्रकार परतला, तेव्हा जास्त आजारी पडली ती मोठी माणसं, वीस वर्षांपूर्वीचा ताप अंगात साठवलेली. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या प्रत्येकाला असं होत नाही, बहुतेक जण बरे होतात. मधुमेह, गरोदरपण यांनीही धोका वाढतो. पण थोरल्याचा धडधाकटपणा इथे कामाला येणार नव्हता. त्याचं शरीर कमजोर नव्हतं, त्याला चुकीचं आठवत होतं.

आपल्याकडे हा प्रश्न थोड्यांचा नाही. आयसीएमआरच्या 2017-18च्या पाहणीत देशातल्या 5 ते 45 वयाच्या शंभरातल्या जवळजवळ 49 जणांच्या रक्तात आधीच्या डेंग्यूची खूण सापडली. पश्चिम भागात शंभरात 62. त्यातल्या किती जणांना आपल्याला तो होऊन गेल्याचं ठाऊक असेल?

दुपारी लॅबच्या काउंटरवर फोन सुरू झाले. सगळ्यांचं एकच: प्लेटलेट किती? कुणी पपईच्या पानांचा रस काढतंय, कुणी बकरीच्या दुधासाठी गाव पालथं घालतंय. माझी शेजारीणही तेच करत होती, तिला दोष कसा देऊ? पण ताई बोट ठेवतात रिपोर्टमधल्या वरच्या ओळीवर, पीसीव्हीवर. नसांमधून पाणी झिरपू लागलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या झिरपण्याने, आणि तेही ताप उतरताना, घरचे सुटकेचा श्वास सोडतात त्याच एक-दोन दिवसांत. थोरल्याचा 18 हजार सगळ्या जिन्याला पाठ होता. त्याचा पीसीव्ही कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी मात्र तोच बघून सलाईन कमीजास्त केलं आणि तो घरी आला.

परतताना अंबरनाथ पूर्वेला एका चाळीत थांबलो. सकाळी रक्त दिलेली मुलगी भिंतीला टेकून बसली होती. "ताप गेला बघा ताई," आई हसत म्हणाली. "प्लेटलेट किती आल्या?"

"नव्वद हजार. मावशी, पोट दुखतंय का तिचं? लघवीला कधी गेली होती?"

बाई विचारात पडल्या. मग मुलीकडे वळल्या. मुलीने मान हलवली. सकाळपासून नाही.

ताईंनी एका हाताने डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, रिक्षा बोलवा.