मुरमाची वाट आणि घर्षणाची शिदोरी

मी सायकल शिकलो ती डांबरी रस्त्यावर नव्हे. भंडारा जिल्ह्यातील एकोडी या माझ्या गावी शिकायची जागा म्हणजे तलावाची पाळ आणि धानाच्या बांध्यांमधून जाणारी मुरमाची वाट. सायकल वडिलांची, काळी आणि दणकट. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची. त्या वाटेवर ना मोटार, ना ट्रक. तरीही गुडघे फुटायचेच! वाहने नसलेल्या वाटेवर आपल्याला पाडते कोण, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. तो सुचला चाळिशी उलटल्यावर, पुन्हा एकदा गुडघा फुटला तेव्हा.

झाले असे. सुटीत पुतण्याला घेऊन मी साताऱ्याला एका मित्राकडे गेलो होतो. ठोसेघरच्या धबधब्याच्या पुढे चाळकेवाडीचे विस्तीर्ण पठार आहे. तेथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांच्या देखभालीसाठी केलेले कच्चे रस्ते पठारभर फिरतात. वर्दळ जवळजवळ नाहीच. आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. निघण्यापूर्वी मी चाकांत दगडासारखी टणक हवा भरली. पुतण्या म्हणाला, “काका, इतकी हवा कशाला भरून राहिले तुम्ही?” मी म्हणालो, “चाक टणक असले की सायकल हलकी चालते.” मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, तो बिचारा गप्प बसला. तासाभराने एका उतारावरच्या वळणावर मी आडवा झालो होतो आणि तो शांतपणे वळण घेऊन पुढे थांबला होता.

लाव्ह्याचा जिना

पडलो त्या जागेची ओळख आधी करून घेऊ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून येथे लाव्हा बाहेर आला. तो एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा आला आणि थरावर थर साचले. आज हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ५ लाख चौ.कि.मी. प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन कि.मी.च्या आसपास भरते.

यातील काही थर घट्ट आणि कठीण आहेत, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून सपाट टप्पा होतो. म्हणून सह्याद्री दुरून जिन्यासारखा दिसतो. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. सायकलस्वाराला हा जिना पायांनी कळतो. दम काढणारी चढण, मग अचानक सपाटी, पुन्हा चढण.

बेसाल्ट झिजू लागला की कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे पदर सुटतात आणि मुरूम तयार होतो. जेथे पाऊस फार, तेथे झीज आणखी पुढे जाते. विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात आणि तांबडा जांभा बनतो. चाळकेवाडीचा माथा जांभ्याचाच आहे. त्यातून सुटलेले लहान, गोलसर, टणक दाणे रस्त्यावर पसरलेले असतात. चाकाखाली ते बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखे गडगडतात.

शिदोरी किती?

सायकल वळते, थांबते, उतारावर ताब्यात राहते ती टायर आणि जमीन यांमधील घर्षणामुळे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरू. सुट्या खडीवर तो त्याच्या निम्मा, म्हणजे ०.३५ धरू. मुरमाच्या वाटेवर निघताना घर्षणाची एवढीच शिदोरी आपल्याजवळ असते. वळण, ब्रेक आणि उतार हे तिघेही त्यातलाच वाटा मागतात.

आता माझ्या पडण्याचा हिशेब पाहा. वळणाची त्रिज्या सुमारे १० मीटर होती. वळण्यासाठी लागणारा घर्षणांक म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण. माझा वेग ताशी सुमारे २५ कि.मी., म्हणजे सेकंदाला ७ मीटर होता. ४९ ला १० × ९.८ ने भागले की येतात ०.५. शिदोरीत होते ०.३५! पुतण्याचा वेग होता ताशी १८ कि.मी., म्हणजे सेकंदाला ५ मीटर. त्याची मागणी ०.२६. तो सुखरूप गेला यात नवल नाही.

ब्रेकचेही तसेच. दहास एक अशा उतारावर उताराचाच वाटा ०.१ असतो. थांबण्यासाठी उरतात ०.२५. ताशी १८ कि.मी. वेगाने जाणारी सायकल तेथे ब्रेक लावल्यावर सुमारे ५ मीटरवर थांबेल. वेग दुप्पट करा, अंतर चौपट होईल, म्हणजे २० मीटर! म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणे म्हणजे दोन पाहुण्यांना एकाच भाकरीवर बसवणे.

हवेची गादी

मग टणक चाकाचा दोष काहीच नव्हता का? होता. सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलोग्रॅम आणि प्रत्येक चाकावर ४० किलोग्रॅम धरा. हवेचा दाब दर चौ.सें.मी.ला ४ किलोग्रॅम असेल, तर टायरचा सुमारे १० चौ.सें.मी. भाग जमिनीला टेकतो. दाब २ केला की २० चौ.सें.मी. टेकतो.

चाकाखाली एक सें.मी. उंचीचा खडा आला असे समजा. टणक टायर दबत नाही, म्हणून ४० किलोग्रॅमचा भार एक सें.मी. वर उचलावा लागतो. त्यासाठी सुमारे ४ ज्यूल ऊर्जा लागते आणि तिचा बराच भाग अंगाला हिसके देण्यात वाया जातो. शिवाय चाक उसळून हवेत असते त्या क्षणी घर्षण शून्य! नरम टायर मात्र खडा पोटात घेतो. आतील हवा स्प्रिंगसारखी दबते आणि बरीचशी ऊर्जा परत करते. टणक चाक हलके चालते हे गुळगुळीत रस्त्यापुरते खरे आहे. ते मी आंधळेपणाने खडीवर लावले. अर्थात हवा फारच कमी केली तर खड्याच्या मारात ट्यूब रिमला चेपून फुटते. तेव्हा मध्यम मार्ग बरा.

जॉन डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, तेही खडबडीत रस्त्यावरचे हिसके कमी व्हावेत म्हणूनच. आज परदेशात आणि आपल्याकडेही ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाच्या महागड्या सायकली मिळतात. त्यांचे टायर साधारण ४० मि.मी. रुंद असतात. आणि वडिलांच्या काळ्या सायकलीचे, २८ × १½ इंची? तेही सुमारे ४० मि.मी.च! ती सायकल वजनाने जड होती. पण मुरमासाठी टायर योग्य होते.

एकोडीची वाट

बेसाल्टचे थर पूर्वेकडे पातळ होत जातात. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्ह्याची आहे; परंतु साकोलीकडे येईपर्यंत तो संपलेला असतो. आमच्याकडचे रूपांतरित खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्यांतील गारगोटी सहज झिजत नाही. तिचे कठीण खडे वाटेवर सुटे उरतात. खडक वेगळा, वय वेगळे, पण चाकाला लागणारा हिशेब एकच.

करून पाहा

१. एका फळीवर जुन्या टायरचा तुकडा ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागताच फळीच्या टोकाची उंची आणि पायाची लांबी मोजा. उंची भागिले पाया म्हणजे घर्षणांक. आता फळीवर आपल्या वाटेवरचे खडे पसरून पुन्हा मोजा. दोन उत्तरांत किती फरक पडतो?

२. टायर ओला करा. मित्राला सायकलवर बसवून चाक आलेख-कागदावर टेकवा. उमटलेल्या ठशाचे क्षेत्रफळ चौकोन मोजून काढा. थोडी हवा सोडून दुसरा ठसा घ्या.

तुमच्यापैकी अनेकजण रोज मुरमाच्या वाटेने शाळेत येत असतील. मागून ट्रक येत नाही म्हणून तेथे आपण निर्धास्त होतो आणि उतारावर सायकल सोडून देतो. वाहने नसली तरी गतीचे नियम त्या वाटेवरही असतात. माझा गुडघा आता बरा झाला आहे. हवा भरताना मात्र मी पुतण्याला विचारतो.